घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह हेडफोन अँपमधली गुणगुण कशी शोधायची

माझ्या पहिल्या हेडफोन अँपच्या गुणगुणीपायी मी दोन व्हॉल्व्ह, चार कपॅसिटर आणि एक व्हॉल्यूम कंट्रोल बदलला. गुणगुण होती तिथेच. दोष निघाला हेडफोनच्या जॅकपाशी, आणि जॅक खराबही नव्हता. धातूचा जॅक धातूच्या डब्यात नटाने आवळला होता, एवढंच. तो किस्सा पुढे येईलच. तोवर एवढं धरून चाला, की आवाज कुठून येतोय हे कळेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही.

नेटवर सगळे ‘ट्यूब अँप’ म्हणतात; ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायची ती, तापून सिग्नल वाढवणारी काचेची नळी. आपल्याकडे ट्यूब पेटली म्हटलं की अर्थच वेगळा निघतो, आणि रेडिओ दुरुस्त करणारी जुनी मंडळी ‘व्हॉल्व्ह’च म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. उदाहरणासाठी एक साधी रचना धरू: पुढे ईसीसी८२ (हाच १२एयू७), त्यातला अर्धा डाव्या चॅनलला आणि अर्धा उजव्या. मागे कॅथोड फॉलोअर, म्हणजे हेडफोनला करंट पुरवणारा टप्पा, म्हणून ईसीसी८८ (हाच ६डीजे८), तोही तसाच वाटलेला. व्हॉल्व्हच्या आत हीटर कॅथोडला तापवतो, आणि ग्रिडवर आलेला सिग्नल कॅथोडकडून जाणारा करंट कमी-जास्त करतो. २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, साधारण २०० व्होल्ट एचटी (हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हला लागणारं मोठं डीसी व्होल्टेज), एकूण ३० मिलिअँपिअर. तुमची रचना वेगळी असली तरी शोधायची रीत तीच.

आधी जीव, मग आवाज

२०० व्होल्ट डीसी मारू शकतो, आणि स्विच बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये बसून राहतो. एचटीवर २२० किलोओहम, १ वॉटचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामे करणारा) रेझिस्टर कायमचा लावलेला नसेल तर आजच लावा. कपॅसिटर मिळून २२० मायक्रोफॅरडचे असतील, तर एचटी दीड-एक व्होल्टपर्यंत उतरायला चार मिनिटं लागतात. चार मिनिटं फार वाटतात आणि नेमका तेव्हाच हात आत जातो. म्हणून १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड मगरक्लिपांमध्ये सोल्डर करून ठेवा. प्लग काढला की तो कपॅसिटरवर दहा-बारा सेकंद लावायचा, मग मल्टिमीटरने व्होल्टेज बघायचं, आणि मगच बोट. चालू अँपमध्ये काही मोजायचंच असेल तर एक हात खिशात.

दुसरी गोष्ट, तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कधीही कापू नका, तिची वायर काढू नका. ‘अर्थिंग काढलं की हम जातो’ हा सल्ला तुम्हाला दुकानातही मिळेल. ही गुणगुण जाते, खरं आहे. पण पुढे कधी ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी डब्याला शॉर्ट झाली, तर २३० व्होल्ट डब्यावर येतील आणि तुमच्या कानांना हेडफोन लावलेले असतील.

चाचणीसाठी चांगले हेडफोन वापरू नका. दीडशे-दोनशे रुपयांचे, हरवले तरी वाईट वाटणार नाही असे घ्या. लावण्याआधी आउटपुटवर डीसी मोजा. व्हॉल्व्ह तापल्यावर तो शून्याच्या आसपास हवा. नसेल तर आउटपुटचा कपॅसिटर गळतोय, आणि तो आधी बदला. न शोधता बदलावा असा पार्ट हा एवढाच.

आवाजाला नाव द्या

या बाबतीत मराठी माणसाची सोय आहे. इंग्रजीत लोक बरेचदा सगळं ‘नॉइज’मध्ये कोंबतात, आपल्याकडे गुणगुण, घरघर, खरखर, सूं, टण्ण, फटफट असे सुटे शब्द आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक शब्दाचं कारण वेगळं.

गुळगुळीत, खोल, छातीत जाणवणारी गुणगुण म्हणजे ५० हर्ट्झ. आपल्या विजेची तीच वारंवारता. ती हीटरच्या वायरांतून, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून किंवा उघड्या ग्रिडवर हवेतून येते. तिच्या बरोब्बर वरच्या सप्तकातली गुणगुण म्हणजे १०० हर्ट्झ. पूर्ण-लहरी रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) विजेच्या दोन्ही अर्ध्या लहरी वापरतो, म्हणून एचटीवरचा रिपल (डीसीवर उरलेली लाट) दुप्पट वारंवारतेचा असतो. दोन्हींतला फरक नुसत्या कानाला नवीन माणसाला कळत नाही. फोनवर फुकटचं टोन जनरेटर ॲप घ्या, दुसऱ्या हेडफोनवर ५० आणि १०० हर्ट्झ आलटून पालटून ऐका. तंबोरा लावताना खर्ज आणि जोड जुळवतात तसं: कुठल्या सुराला तुमची गुणगुण मिसळते ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचे पाच तास वाचतात.

घरघर म्हणजे दातेरी आवाज, माशी बाटलीत अडकल्यासारखा. सहसा रेक्टिफायरच्या चार्जिंग करंटची ती खूण, म्हणजे ग्राउंडची (सर्किटच्या शून्य बिंदूची) वायर चुकीच्या ठिकाणी गेली आहे. ‘सूं’ म्हणजे हिस. खरखर आणि कडकड म्हणजे कुठेतरी संपर्क नीट नाही. व्हॉल्व्हला टिचकी मारल्यावर टण्ण झालं तर तो मायक्रोफोनिक आहे, म्हणजे हादऱ्याचा आवाज करतो. फटफट, डिझेल इंजिनासारखी, म्हणजे एचटीमधून दोन टप्पे एकमेकांशी बोलतायत.

अँप सुरू करताच हेडफोन न लावता डब्याला कान लावूनही एकदा ऐका. ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरत असेल तर तो यांत्रिक आवाज आहे. स्क्रू आवळा, खाली रबर द्या. त्याचा सर्किटशी संबंध नाही. दोन्ही आवाज एकच समजून आठवडा घालवलेले लोक मी पाहिलेत.

व्हॉल्यूमचं बटण फिरवा

हे सगळ्यात स्वस्त मापन यंत्र. गाणं बंद ठेवा आणि बटण शून्यापासून पूर्ण फिरवा.

आवाज अजिबात बदलला नाही, तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे शिरतोय: एचटी, हीटर, व्हॉल्व्ह, आउटपुटचं ग्राउंड. बटणाबरोबर वाढत गेला, तर तो इनपुटकडून किंवा आधीच्या उपकरणातून येतोय. तिसरी गंमत अशी, की शून्यावर नाही, पूर्णवर नाही, पण मध्ये कुठेतरी, लॉग (व्हॉल्यूमसाठी नेहमी वापरतात त्या) कंट्रोलमध्ये साधारण पाऊण फेरीवर, गुणगुण सर्वांत मोठी होते. कारण सोपं आहे. ५० किलोओहमच्या कंट्रोलच्या मधल्या टोकाकडून पाहिलं तर रोध सर्वांत जास्त असतो तो सिग्नल निम्मा होतो त्या जागी, १२.५ किलोओहम. तिथे ग्रिडची वायर अँटेनासारखी वागते. उपाय म्हणजे कंट्रोलपासून ग्रिडपर्यंत शील्डेड वायर, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड. आणि बटणाला हात लावला की गुणगुण कमी-जास्त होत असेल, तर कंट्रोलचं धातूचं अंग डब्याला जोडलेलंच नाही. त्याच्या पाठीवर थोडं घासून एक वायर सोल्डर करा.

मग इनपुटची वायर काढा

आरसीए वायर काढल्यावर, इनपुट शॉर्ट करणारा प्लग लावून, आवाज गेला? मग अँप बहुधा ठीक आहे आणि भानगड दोन उपकरणांच्या मधली आहे. लॅपटॉपचा तीन पिनांचा अडॅप्टर आणि तुमचा अँप दोघंही घराच्या अर्थिंगला जोडलेले, आणि वरून सिग्नलच्या वायरनेही जोडलेले. झाला लूप. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. घरघर गेली तर निदान झालं. तेच गाणं मग फोनवरून, चार्जर न लावता, वाजवून खात्री करा.

हेही तेव्हाच तपासा: खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर. इलेक्ट्रॉनिक, टप्पे न घेता गोल फिरणारा रेग्युलेटर मधल्या वेगावर असताना विजेची लहर कापतो, आणि ती कापाकापी अँपमध्ये ऐकू येते. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद करून बघा. घरचा इन्व्हर्टर चौकोनी लहर देणारा असेल तर वीज गेल्यावर अँप घरघरणारच. त्यात तुमचा दोष नाही. आणि फोन अँपवर ठेवला की येणारं ‘टर्रर्र-टर्रर्र’ फोन उचलला की जातं.

डावं-उजवं

एकाच कानात आवाज असेल तर नशीब चांगलं. दुसरा चॅनल तुलनेला तयार आहे. आधी दुसरे हेडफोन लावून बघा, बिघाड हेडफोनच्या वायरीत नाही ना. आपल्या रचनेत एकाच व्हॉल्व्हमध्ये दोन्ही चॅनल असल्यामुळे व्हॉल्व्ह अदलाबदल करून कळणार नाही, दुसरा ओळखीचा चांगला व्हॉल्व्ह लावून बघावा लागेल. चॅनलला एकेक व्हॉल्व्ह असेल तर अदलाबदल करा. आवाज व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या कानात गेला तर व्हॉल्व्ह दोषी, तिथेच राहिला तर सॉकेट किंवा वायरिंग.

दोन्ही कानांत सारखाच असेल तर संशय सामाईक गोष्टींवर: एचटी, हीटर, ग्राउंड. अँप बंद करून, कपॅसिटर रिकामे करून, ईसीसी८२ची ग्रिड म्हणजे पिन २ आणि ७ त्यांच्या कॅथोड रेझिस्टरच्या ग्राउंडला क्लिपने जोडा आणि परत सुरू करा. गुणगुण तशीच राहिली तर ती इनपुटकडची नाही. हा प्रयोग ईसीसी८८च्या ग्रिडवर करू नका. थेट जोडणीच्या रचनेत तिथे शंभरेक व्होल्ट असतात.

ग्राउंड: इथे वेळ घालवा

माझ्या अनुभवात नवीन माणसाच्या दहा गुणगुणींपैकी निम्म्याहून जास्त इथे सापडतात. व्हॉल्व्ह बदलायला मजा येते, ग्राउंडची वायर हलवायला येत नाही, म्हणून सगळे इथे शेवटी पोहोचतात.

पहिला घोळ शब्दांचा. अर्थिंग म्हणजे घराच्या तिसऱ्या पिनची सुरक्षेची वायर. ग्राउंड म्हणजे सर्किटचा शून्य बिंदू. दोन्ही शेवटी एका ठिकाणी भेटतात, पण त्यांची कामं वेगळी.

दुसरा घोळ असा, की ग्राउंडची वायर म्हणजे सगळीकडे शून्य व्होल्ट, असं आपण धरून चालतो. वायरला रोध असतो. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या १० सेंटिमीटर वायरचा रोध साधारण ३.५ मिलिओहम. रेक्टिफायर पहिल्या कपॅसिटरला सतत करंट देत नाही, लहरीच्या टोकावर झटके देतो. सरासरी ३० मिलिअँपिअरसाठी झटका ३०० मिलिअँपिअरपर्यंत सहज जातो. त्या १० सेंटिमीटरवर १ मिलिव्होल्ट तयार झाला. हीच वायर इनपुटच्या ग्राउंडलाही वापरली असेल तर तो १ मिलिव्होल्ट सिग्नल म्हणून आत शिरतो आणि दहापट वाढून बाहेर पडतो. ३२ ओहमच्या, १ मिलिवॅटला १०० डेसिबल देणाऱ्या हेडफोनवर नुसता १ मिलिव्होल्टच ५५ डेसिबलच्या घरात जातो. स्पीकर दोन मीटरवर असतो, हेडफोन कानाला चिकटलेला. म्हणून स्पीकरच्या अँपमध्ये खपून जातं ते इथे खपत नाही.

तर वायरिंगचा क्रम असा. ब्रिजची (चार डायोडांच्या रेक्टिफायरची) ऋण बाजू थेट पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला, जाड आणि आखूड, आणि त्या तुकड्यावर दुसरं काहीही जोडायचं नाही. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या कपॅसिटरला. प्रत्येक टप्प्याचं ग्राउंड त्या टप्प्याला एचटी देणाऱ्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला. इनपुटचे आरसीए सॉकेट आणि हेडफोनचा जॅक डब्यापासून फायबर वॉशरने अलग. सर्किटचं ग्राउंड डब्याला एकाच जागी, इनपुटजवळ. अर्थिंगची वायर मात्र थेट डब्याला, तिच्या स्वतंत्र बोल्टने, खालचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडून.

आता माझा जॅक. तिसऱ्या रविवारी मी कंटाळून प्लग काढला, कपॅसिटर रिकामे केले, आणि सर्किटचं ग्राउंड डब्याला जोडणारी ती एकमेव वायर सोडवली. मल्टिमीटर पीप करणाऱ्या खुणेवर, एक टोक डब्याला, एक ग्राउंडला. आता गप्प बसायला हवा होता. पीऽऽप. म्हणजे ग्राउंड आणखी कुठेतरी डब्याला टेकलेलं होतं. मग एकेक नट सैल करत गेलो. आरसीएचे दोन्ही नट, पीप चालूच. व्हॉल्यूमचा नट, चालूच. जॅकचा नट अर्धा फेरा फिरवला आणि मीटर गप्प झाला. नट परत आवळला, पीऽऽप. प्लास्टिकच्या मानेचा जॅक वीस-पंचवीस रुपयांना मिळाला. ही चाचणी दोन मिनिटांची आहे. तुम्ही ती पहिल्या रविवारी करा.

एवढं करूनही लॅपटॉपशी लूप होत असेल, तर ग्राउंड आणि डबा यांच्यातल्या त्या एका जोडणीत १० ओहमचा रेझिस्टर घाला, त्याला समांतर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि उलटसुलट डायोड म्हणून ३५ अँपिअरचा ब्रिज. छोट्या लूप करंटला १० ओहम अडवतो. काही बिघडून मोठा करंट आला तर डायोड तो वाहून नेतात आणि फ्यूज उडतो. अर्थिंगची वायर यात येत नाही, ती थेटच राहते.

१०० हर्ट्झ: एचटी

पहिला कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा आणि करंट ३० मिलिअँपिअर असेल तर त्याच्यावर साधारण ३ व्होल्ट रिपल असतो, टोकापासून टोकापर्यंत. त्यानंतर १ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा एक टप्पा घातला की तो साठेक पटीने कमी होऊन ५० मिलिव्होल्टच्या आसपास येतो. असे दोन टप्पे असले की काळजी मिटते. प्रत्येक टप्प्यावर ३० व्होल्ट आणि जवळपास १ वॉट जातो, म्हणून रेझिस्टर ३ ते ५ वॉटचा घ्या आणि ट्रान्सफॉर्मर निवडतानाच तेवढे व्होल्ट धरा. जुने, वर्षानुवर्षं दुकानात पडलेले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेले असू शकतात. संशयित कपॅसिटरला समांतर एक चांगला, त्याच किंवा जास्त व्होल्टचा, धन-ऋण बघून, बंद अँपमध्ये जोडा. गुणगुण पडली तर जुना काढा.

५० हर्ट्झ: हीटर आणि ट्रान्सफॉर्मर

हीटरला एसी देत असाल तर दोन्ही वायरी वेणीसारख्या घट्ट पिळून डब्याच्या कोपऱ्याला चिकटवून न्या, ग्रिडच्या वायरीला काटकोनात छेदा. आणि हीटरची गुंडाळी अधांतरी सोडू नका. मध्यबिंदू नसेल तर दोन्ही टोकांकडून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला. डीसी हीटर करणाऱ्यांचीही हीच चूक होते: डीसी केला, पण ग्राउंडला जोडलाच नाही, आणि गुणगुण का जात नाही म्हणून हैराण.

कॅथोड फॉलोअरचा कॅथोड शंभर व्होल्टवर असतो. हीटर शून्यावर असेल तर दोघांमधल्या फटीतून थोडी गळती होते. म्हणून त्या १०० ओहमच्या रेझिस्टरांचा जोड ग्राउंडऐवजी ४८ व्होल्टला न्या: २०० व्होल्टच्या एचटीतून १५० किलोओहम आणि ४७ किलोओहमचा विभाजक, ४७ किलोओहमवर १० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा कपॅसिटर.

हीटरच दोषी आहे का हे पाहायला इमर्जन्सी लाइटमधली ६ व्होल्टची बॅटरी कामाला येते. ट्रान्सफॉर्मरच्या हीटरच्या वायरी सोडवा, बॅटरी लावा (दोन्ही व्हॉल्व्ह मिळून ६६५ मिलिअँपिअर घेतात), हीटरचा संदर्भ आधी जिथे होता तिथेच जोडा. तो ४८ व्होल्टवर असेल तर बॅटरीच्या टोकांवरही तेवढे व्होल्ट येतात, हात लावू नका. गुणगुण गेली तर हीटर. राहिली तर ट्रान्सफॉर्मर: त्याचे स्क्रू काढून, वायरी पुरतील तेवढा लांब सरकवून आणि काटकोनात फिरवून बघा. अंतराने फरक पडत असेल तर त्याची जागा बदलणं हाच उपाय, मग पत्र्याला नवीन भोकं पाडावी लागली तरी.

एक सापळा पिन ९चा. ईसीसी८२ची पिन ९ हीटरचा मध्य असते, तर ईसीसी८८ची पिन ९ आतल्या पडद्याची, ती ग्राउंडला जायला हवी. दोन्ही सॉकेट सारखंच वायर केलंत तर एक हीटर पेटणार नाही किंवा पडदा अधांतरी राहील.

खरखर, टण्ण आणि बाकीचे

खरखर शोधायला जळून गेलेल्या उदबत्तीची काडी घ्या. बांबूची, कोरडी, लांब. चालू अँपमध्ये एकेक जोड, एकेक वायर तिने हलकेच दाबत जा. कुठे कडकडलं की तो जोड परत सोल्डर करायचा. सॉकेटचे क्लिप ढिले असतात; बंद अँपमध्ये सुईने थोडे जवळ आणा. जुन्या बाजारातून आणलेल्या व्हॉल्व्हच्या, मग ते बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे का असेनात, पिना काळवंडलेल्या असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रश. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये अचानक खरखर सुरू झाली तर बोर्डावरच्या फ्लक्समध्ये दमट हवा मुरली आहे. तोही त्याच अल्कोहोलने धुऊन, हेअर ड्रायरने सुकवा. व्हॉल्यूम फिरवताना खरखरतो आणि साफ करूनही जात नाही, तर कंट्रोलवर डीसी येतोय. आधीच्या उपकरणाकडून येतोय का ते मोजा.

टण्ण वाजणारा व्हॉल्व्ह सुधारत नाही. ईसीसी८८च्या बाबतीत हे बरेचदा होतं. सॉकेटखाली रबर ग्रोमेट दिले तर टेबलावर कप ठेवल्याचा आवाज कानात येत नाही, इतपत फरक पडतो.

ईसीसी८८ आणखी एक खोड करतो. त्याचा ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडच्या एका व्होल्टमागे करंट किती बदलतो ते माप) १२.५ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट इतका जास्त, की वायर लांब असली तर तो कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच दोलायला लागतो. लक्षणं विचित्र असतात: हात जवळ नेला की आवाज बदलतो, व्होल्टेज जुळत नाहीत, गाणं फाटतं, कधी रेडिओ स्टेशन ऐकू येतं. ग्रिडच्या पिनवरच, अगदी चिकटून, ३३० ओहम ते १ किलोओहमचा रेझिस्टर सोल्डर करा. बोर्डावर दोन इंच लांब लावलात तर उपयोग नाही. फटफटीवर उपाय म्हणजे ईसीसी८२ला एचटी देणारा कपॅसिटर स्वतंत्र रेझिस्टरमागे ठेवणं.

उरला हिस. थोडा राहणारच, १०० किलोओहमचा रेझिस्टर काही न करता, नुसत्या उष्णतेने, श्रवणकक्षेत ५.७ मायक्रोव्होल्ट आवाज करतो. कार्बनच्या जागी मेटल फिल्म लावा. पण बहुतेकदा हिस हा गरजेपेक्षा जास्त गेनचा, म्हणजे सिग्नल फार पटींनी वाढवल्याचा, असतो. डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करणारं उपकरण) २ व्होल्ट देत असेल तर तो आणखी दहा पट वाढवून काय करणार? रात्री पंखा बंद करा, व्हॉल्यूम नेहमी ऐकता तिथे ठेवा, गाणं थांबवा. काही ऐकू येत नसेल तर स्क्रू लावून डबा बंद करा. पूर्ण व्हॉल्यूमवर ‘सूं’ येतो म्हणून परत उघडू नका, आणि कानात खुपसायचे संवेदनशील इयरफोन लावून तर तपासूच नका; हा अँप ३०० ओहमच्या हेडफोनसाठी आहे.